कांदा पडण्याआधी

सोहारच्या धक्क्यावर, क्रेनच्या काचेच्या डब्यात
माझी ड्यूटी बारा तासांची.
खाली यायला लिफ्टने चार मिनिटं,
लिफ्ट बंद असली तर दोनशे सोळा पायऱ्या.
हा हिशेब बाकी कुणी ठेवत नाही.
मला ठेवावा लागतो.
माझं आतडं स्वतःच्या मर्जीने भोंगा देतं
आणि नेमका तेव्हाच खाली लटकत असतो
चाळीस फुटी कंटेनर,
कुणाचे तरी फ्रिज भरून.

दोन वर्षं उपाशीच चढलो.
घरी फोनवर म्हणायचो, जेवलो.
नलू पाठवायची मेतकूट, सातूचं पीठ, लसणाची चटणी.
रात्री बरणी उघडून नुसता वास घ्यायचो,
झाकण लावायचो.

डॉक्टर नजवा सुदानच्या.
रिपोर्ट सगळे नॉर्मल.
हे सांगताना त्या कागदाकडे नाही,
माझ्याकडे बघत होत्या.
म्हणाल्या, सापडलं नाही म्हणजे दुखत नाही असं थोडंच आहे?
एक वही घ्या.

सोमवार. भात, गाजर, अंडं. ठीक.
मंगळवार. अर्धा पाव. तीन वाजता गोळा.
बुधवार. तोच भात, तेच गाजर, तरी गोळा.
आदल्या रात्री घरी पैशांवरून बोलणं झालं होतं.
तेही लिहीत जा, म्हणाल्या बाई.

सहा आठवडे गहू नाही, दूध नाही,
राजमा नाही, कांदा-लसूण नाही.
कलिंगडावर मात्र मी हुज्जत घातली.
जूनमध्ये, या किनाऱ्यावर,
कलिंगड नाही तर माणसाने खावं काय?
संत्रं, म्हणाल्या.

मेसमधला मोफिज नोआखालीचा.
साठ जणांचा रस्सा एकाच पातेल्यात.
त्याला म्हटलं, मला कांदा चालत नाही रे.
जैन आहेस?
नाही.
मग नवस?
नाही. पोट.
तो हसला नाही.
दुसऱ्या दिवसापासून तेल तापलं की
आधी माझा मासा,
हळद, मीठ, ठेचलेलं आलं,
काढून ठेवतो ॲल्युमिनियमच्या वाटीत,
झाकणावर खडूने एकतीस, माझी खोली,
आणि मग पडतो कांदा.
त्या चर्र आवाजाच्या आधी
जी चारपाच मिनिटं जातात
तेवढ्यात रोज कुणीतरी माझी आठवण काढतं.

ईदला खमीसने घरी नेलं.
खजूर त्याच्याच वाडीतला, मधासारखा.
नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं.
एक घेतला. वहीत एकाची जागा होती.
दुसरा पुढे आला, कॉफीचं भांडं पुन्हा कललं,
तेव्हा मी हातातलं फिंजान
किंचित डावी-उजवीकडे हलवलं.
इथे याचा अर्थ, पुरे. भरून पावलो.
त्यानेच शिकवलं होतं पहिल्या वर्षी.
खमीसने भांडं खाली ठेवलं.
कारण विचारलं नाही.
आमच्याकडे पुरे म्हटलं
की ताटात अजून एक पोळी पडते,
वर शपथ.

नलूला शेवटी सगळं सांगितलं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, लसूण तेलात परतायचा
आणि तेलातून काढून टाकायचा.
लसूण जातो, वास राहतो.
एवढं बोलून फोन ठेवला तिने.

परवा कांद्याची पात खाल्ली, हिरवी तेवढीच.
वहीत लिहिलं, काही झालं नाही.
मग तेच पुन्हा वाचलं.

काल लिफ्ट बंद होती.
दोनशे सोळा उतरलो, घाई नव्हती.
मधल्या कठड्यावर थांबून
पाण्यात उभ्या जहाजांचे दिवे मोजले, अकरा.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते बाईंना विचारायला हवं.